सारंगखेडा यात्रा: एका मैदानावर चार खात्यांचे वायरलेस, कामाच्या नोंदी

तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून यात्रा भरते. एकमुखी दत्ताचं देऊळ, घोडेबाजार, आकाशपाळणे, तमाशाचे तंबू, सगळं नदीलगतच्या पट्ट्यात. उत्तरेचा काठ नंदुरबार जिल्ह्यात, पूल ओलांडून दोंडाईचाकडे निघालं की धुळे जिल्हा. म्हणून बंदोबस्त, रुग्णवाहिका, बंब, पाण्यावरची पथकं, सगळं दोन बाजूंनी येतं आणि प्रत्येकाच्या कमरेला आपापला वॉकीटॉकी असतो. गर्दी वाढली की मोबाइल आचके देतो. तेव्हा वॉकीटॉकीच कामाला यायला हवा, आणि नेमकी तेव्हाच त्यावर खरखर सुरू होते.

मी वायरलेस संच दुरुस्त करतो, हौशी रेडिओचा परवाना आहे. सोबत नाना, बिनतारी ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. ही खरखर कुठून येते ते शोधून काढायचं काम आम्ही दोघांनी केलं, त्याच्या या नोंदी. खात्यांची नावं मुद्दाम देत नाही. अ, ब, क ही मैदानावरची, ड पलीकडच्या काठाची. खऱ्या फ्रिक्वेन्सीही देणार नाही. आकडा लागेल तिथे १५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा उदाहरणाचा आकडा आहे. मुक्ताईनगरच्या, अमळनेरच्या किंवा अस्तंब्याच्या यात्रेला कुणी हेच करू पाहत असेल, तर निदान आमचा वाया गेलेला वेळ त्यांचा जाऊ नये.

१५ सप्टेंबर २०२५

आज फक्त कागद. सुरक्षा यंत्रणांच्या वाहिन्यांवर नुसतं ऐकायलाही लेखी परवानगी हवी, आणि आमच्या परवान्यावर तिथे पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबता येत नाही. आमचा बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, त्यापलीकडे आम्ही फक्त मोजणारे. त्यामुळे चाचणीच्या वेळी प्रत्येक खात्याचा माणूस आपापला संच घेऊन हजर राहील, बटण तोच दाबेल, असं पत्रात घालून घेतलं. हे वाक्य नानांचं. पुढे त्याच वाक्यामुळे काम झालं, कारण माणसं एकत्र येण्याचं दुसरं कोणतंही निमित्त कुणाकडे नव्हतं.

६ ऑक्टोबर

प्रत्येक खात्याकडून त्यांच्या संचांचा तक्ता मागवला. रकाने: फ्रिक्वेन्सी, टोन, पॉवर, बँडविड्थ, अँटेनाची जागा आणि उंची, ॲनालॉग की डिजिटल, संचावरचा चॅनल नंबर, आणि शेवटचा, प्रोग्रॅमिंग कुणी केलं. शेवटचा रकाना नानांना फाजील वाटत होता. निघालं सगळ्यात जास्त त्यातूनच.

दोन खात्यांचे संच एकाच दुकानात भरले गेले होते आणि दुकानदाराने दोघांनाही ८८.५ हर्ट्झचाच टोन टाकला होता. टोन म्हणजे बोलण्यासोबत जाणारा बारीक सूर, तो जुळला तरच समोरच्याचा स्पीकर उघडतो. सीटीसीएसएस या टोनपद्धतीच्या यादीत ६७ पासून २५४.१ हर्ट्झपर्यंत कितीतरी टोन आहेत, पण सॉफ्टवेअरमध्ये जो आधीच निवडलेला असतो तोच राहतो. पलीकडच्या ड चा टोनही ८८.५. म्हणजे टोन असून नसल्यासारखा, सगळ्या दारांना एकच किल्ली.

दुसरं, क चे जुने संच अजून २५ किलोहर्ट्झ रुंदीवर होते, बाकीचे १२.५ वर. रुंद संच बोलला की शेजारच्या वाहिनीवर सांडतो, आणि अरुंद संचाने त्याचं ऐकलं तर आवाज फाटतो. क ची तक्रार होती की ब चे लोक नीट बोलत नाहीत. ब ची तक्रार होती की क वाले ओरडतात. दोन्ही तक्रारींचं मूळ प्रोग्रॅमिंगच्या एका टिकमार्कमध्ये होतं.

तिसरं, "चॅनल १" प्रत्येकाचा वेगळा. ही भानगड पुढे २७ नोव्हेंबरला.

तक्ता भरून यायला ठरल्यापेक्षा फार वेळ लागला. फोनवर मागितला तर "साहेबांना विचारून सांगतो", प्रत्यक्ष जाऊन बसलं तर चहा होईपर्यंत हातात. जे करणार असतील त्यांनी सरळ जाऊन बसावं.

१४ ऑक्टोबर

पाण्याच्या टाकीवर चढलो. अ चा रिपीटर (ऐकलेलं पुन्हा प्रसारित करणारा संच), ब चा बेस (एका जागी बसवलेला मुख्य संच) आणि क चा बेस, तिघांच्या अँटेना टाकीच्या माथ्यावर. उंच जागा दिसली की सगळे तिथेच येतात. जमिनीपासून साधारण २५ मीटर.

हिशेब असा. रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये काढायचं तर दोन्ही उंचींची वर्गमुळं मिळवून ४.१२ ने गुणायचं. टाकी २५ मीटर, हातातला संच दीड मीटर, उत्तर येतं २५ किलोमीटरच्या वर. यात्रेच्या मैदानाला २५ किलोमीटर कशाला हवेत? इतक्या उंचावरून आपण सगळ्यांना ऐकू जातो हे खरं, पण आपल्यालाही सगळे ऐकू येतात, ड सुद्धा, आणि हिवाळ्यात त्याहून लांबचेही. अ ला तालुकाभर बोलायचं असतं, त्याची उंची रास्त. ब आणि क ला नाही.

ब च्या फीडरचा, म्हणजे अँटेनाकडे जाणाऱ्या केबलचा, वरचा कनेक्टर उघडला तर आत पाणी. केबलची जाळी हिरवी पडलेली. गंमत म्हणजे खाली बेसच्या तोंडाशी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परतते त्याचं माप) उत्तम दिसत होता. ओल शिरलेली केबल जाणारी शक्तीही खाते आणि परतणारीही, त्यामुळे मीटर खूश. एसडब्ल्यूआर चांगला म्हणून केबल चांगली असं धरू नका. मीटर अँटेनाच्या टोकाला लावा, किंवा खाली आणि वर पॉवर मोजून फरक बघा. आमच्याकडे निम्म्याहून जास्त पॉवर केबलमध्येच मरत होती, आणि त्यावर उपाय म्हणून ब ने जास्त वॉटचा बेस मागवण्याचा प्रस्ताव केला होता. प्रस्ताव थांबवला. नवी आरजी-२१३ केबल, दोन एन कनेक्टर, रबर टेप आणि वरून चिकट टेप, साडेसहा हजारांच्या आत. कनेक्टरच्या खाली केबलला एक वळसा द्या, पाणी तिथून गळून पडतं.

दिवाळी. काम बंद.

२ नोव्हेंबर

ऐकण्याचा दिवस. यूएसबी डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रिसीव्हर), लॅपटॉप, आणि स्टीलच्या मोजपट्टीची तीन काड्यांची यागी, म्हणजे सिग्नलची दिशा दाखवणारी अँटेना. पाईपचे तुकडे शेजारच्या शेतातून. खानदेशात ठिबकवाल्या शेताच्या बांधावर पीव्हीसी मागून मिळतो. यागीला खर्च तीनशे रुपये, तोही मोजपट्टीचाच.

सकाळी अ च्या वाहिनीवर सलग कॅरिअर. बोलणं नाही, नुसता दाबून धरलेला. यागी फिरवत गेलो. जवळ गेल्यावर दिशा कळेनाशी होते, कारण सिग्नल सगळीकडून भरून येतो. तेव्हा यागी काढून हातातला संच छातीशी धरायचा आणि स्वतःभोवती फिरायचं. ज्या बाजूला पाठ केल्यावर आवाज सगळ्यात पडतो, स्टेशन त्या बाजूला. एका उभ्या जीपमध्ये हँडमाइक दोन सीटच्या फटीत रुतून बसला होता. ड्रायव्हर म्हणाला, "सकायपासून आवाज नही ई राहिना, भो." येणार कुठून, त्याचाच संच बोलत होता.

उपाय फुकटचा. सगळ्या संचांत टाइम-आउट टायमर ६० सेकंद. बहुतेक संचांत तो असतो, कुणी चालू केलेला नसतो. माइकला खुंटी.

९ नोव्हेंबर

या नोंदीला जास्त जागा देतो, कारण इथेच सगळ्यात जास्त डोकं चाललं आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ गेला.

क ची मूळ तक्रार: संध्याकाळी त्यांच्या बेसवर दोन माणसं एकमेकांत मिसळून बोलतात, काही कळत नाही, मग गायब. क ने गेल्या वर्षी टोन स्क्वेल्च लावला आणि आवाज बंद झाले. प्रश्न सुटला असं लिहूनही टाकलं. पण तेव्हापासून त्यांच्या लांबच्या हँडसेटचे निरोप अधूनमधून बेसला पोचेनात. टोन लावल्याने नको असलेला सिग्नल जात नाही, फक्त स्पीकर उघडत नाही. तो सिग्नल रिसीव्हरमध्ये बसलेलाच असतो आणि आपल्या माणसाचा कमजोर सिग्नल त्याच्याखाली दबतो. खरखर ऐकू आली असती तर निदान कळलं असतं की वाहिनी अडली आहे. म्हणून चाचणीच्या दिवशी पहिलं काम, सगळे टोन काढा, स्क्वेल्च उघडा. ऑपरेटर वैतागतात. वैतागू द्या.

मग क्रमाने. फक्त अ बोलला, क वर शांतता. फक्त ब बोलला, शांतता. दोघे एकदम बोलले आणि क वर दोघांचा काला. तिसऱ्या क्रमाचं इंटरमॉड्युलेशन, म्हणजे दोन सिग्नल मिसळून तिसऱ्याच जागी नवा उठणं. अ १५०.००० वर आणि ब १५०.४०० वर असेल तर ब ची दुप्पट वजा अ, म्हणजे १५०.८००, आणि अ ची दुप्पट वजा ब, म्हणजे १४९.६००. या दोन जागी भुतं उठतात. क नेमका त्यातल्या एका जागी. तिघांचे परवाने बरोबर, कुणी कुणाच्या फ्रिक्वेन्सीवर नाही, तरी त्रास. तक्ता हातात असता तर हे वर्षापूर्वी कागदावर दहा मिनिटांत सापडलं असतं.

पण भूत तयार कुठे होतं? तीन शक्यता: क च्या रिसीव्हरमध्ये, अ किंवा ब च्या ट्रान्समीटरच्या शेवटच्या पायरीत, किंवा टाकीवरच्या गंजक्या लोखंडात. प्रत्येकाचा उपाय वेगळा, म्हणून आधी ओळख पटवायची. त्याची साधी युक्ती आहे. रिसीव्हरच्या आधी १० डेसिबलचा अटेन्युएटर (सिग्नलची शक्ती दहापट कमी करणारा तुकडा) लावा. भूत १० डेसिबलनेच उतरलं तर ते बाहेरून तयार होऊन आलंय. ३० ने कोसळलं तर तुमच्या रिसीव्हरमध्येच जन्मतंय, कारण तिसऱ्या क्रमाचं भूत डेसिबलमध्ये तिप्पट वेगाने पडतं.

सकाळी आम्ही हे डोंगलवर केलं. भूत ३० च्या आसपास पडलं. रिसीव्हरमध्येच आहे म्हणून क ला बँडपास फिल्टर (आपल्या पट्ट्याबाहेरचे सिग्नल अडवणारा) सुचवायला निघालो होतो. नानांना पटेना. म्हणाले, "अरे, हे तुझं डोंगल म्हणतंय, क चा बेस नाही." बरोबर होतं. आठ बिटांचं डोंगल टाकीखाली दोन दणकट ट्रान्समीटरांच्या तोंडाशी धरलं की ते स्वतःच भुतं काढतं. डोंगल लांबून शोधायला छान, टाकीखाली मोजायला निरुपयोगी. दुपारी उसना सर्व्हिस मॉनिटर (संच तपासायचं मोजयंत्र) आणला, पुढे फिल्टर लावून क च्या फीडरवर पुन्हा मोजलं. भूत १० नेच उतरलं. म्हणजे बाहेरचं.

मग अ आणि ब दोघांना बोलत ठेवून टाकीच्या शिडीवर लाकडी दांडक्याने ठोकलं. प्रत्येक ठोक्याला क वर कडकड. पडणारी वीज जमिनीत नेणारी पट्टी जिथे शिडीला बांधली होती तिथला नटबोल्ट गंजून पावडर झाला होता. दोन धातूंमधला गंज डायोडसारखा वागतो आणि दोन सिग्नल तिथे मिसळतात.

अंधार पडल्याने खाली उतरलो. टाकीवर रात्री काम करू नका, आणि दिवसाही कमरपट्ट्याशिवाय नको. वर असताना खालचा ट्रान्समीटर कोण चालू-बंद करणार हे एकाच माणसाच्या हातात द्या आणि त्याच्याकडे त्या संचाची फ्यूज ठेवायला द्या.

१६ नोव्हेंबर

गंज घासला, स्टेनलेसचे बोल्ट, नवीन तांब्याची पट्टी, वर ग्रीस. भूत बरंच खाली गेलं, मेलं नाही. उरलेलं ब च्या ट्रान्समीटरमध्ये. अ ची शक्ती ब च्या अँटेनातून आत शिरून त्याच्या शेवटच्या पायरीत मिसळत होती. त्यावर पुस्तकी उपाय आयसोलेटर (बाहेरची शक्ती ट्रान्समीटरमध्ये उलट शिरू न देणारा) आणि कॅव्हिटी फिल्टर. दरपत्रक मागवलं, आकडा वाचून गप्प बसलो.

स्वस्त उपाय अंतराचा. १५० मेगाहर्ट्झला तरंगलांबी २ मीटर. दोन उभ्या अँटेना शेजारी-शेजारी २ मीटरवर असतील तर दोघींमधला विलगाव (एकीचा सिग्नल दुसरीत पोचेपर्यंत होणारी घट) कागदावर २२ डेसिबल, त्यातून अँटेनांचा लाभ (गेन) वजा. त्याच एकाखाली एक ६ मीटरवर ठेवल्या तर ४७ च्या आसपास. उभ्या अँटेनाच्या डोक्यावर आणि पायाशी सिग्नल कमी असतो, त्याचा फायदा. म्हणून ब ची अँटेना माथ्यावरून काढून टाकीच्या खांबाला ६ मीटर खाली, अ च्या शक्य तितकी सरळ रेषेत खाली. अँटेनाची जागा परवान्याच्या कागदात असते, म्हणून ब च्या अधिकाऱ्यांकडून आधी लेखी घेतलं.

सोबत पॉवर २५ वॉटवरून ५ वर आणली. म्हणजे ७ डेसिबल कमी. ब चे ऑपरेटर नाराज. त्यांना वाटलं खच्चीकरण चाललंय. मैदानाच्या चारही टोकांना माणसं उभी करून बोलायला लावलं, सगळीकडून स्वच्छ. केबल बदलल्यामुळे ५ वॉटही आधीच्या २५ पेक्षा फार मागे नव्हते. तेव्हा गप्प झाले, पटलं असं म्हणणार नाही.

क च्या बेसवर अ आणि ब एकदम बोलत असताना टोन न लावता ऐकलं. हलकी सळसळ, तीही कान दिला तर. मग टोन परत लावला, पण प्रत्येकाचा वेगळा.

२२ नोव्हेंबर

नदीपलीकडे, ड कडे. चहा, शेव, आणि "आमचा काही त्रास नाही, तुमचाच आम्हाला आहे" हे वाक्य. अगदी खरं होतं. त्यांचा रिपीटर ज्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतो ती आणि क ची बेस फ्रिक्वेन्सी एकच. परवाने वेगवेगळ्या जिल्ह्यांचे, फ्रिक्वेन्सी लांबच्या जागी पुन्हा वापरायला दिलेली, कागदावर अंतर पुरेसं. पण टाकीच्या माथ्यावरून क बोलला की सपाट पात्रावरून सरळ ड च्या कानात. त्यात ८८.५ दोघांकडे, म्हणून ड चा रिपीटर क च्या माणसांचं बोलणं इमानाने पुन्हा प्रसारित करायचा. दोन्हीकडच्या लोकांना वाटायचं कुणीतरी मुद्दाम करतंय.

क ची अँटेना टाकीवरून उतरवून मैदानातल्या १० मीटरच्या खांबावर, पॉवर कमी. ड ने टोन बदलला. क ने वेगळा घेतला. आणि ठरलं की क चा बेस आधी टोन बंद करून ऐकेल, वाहिनी मोकळी असेल तरच बोलेल. हे बटण बहुतेक बेसच्या माइकवर असतं. माइक हुकवर टांगलेला असताना टोन चालू, उचलला की बंद.

हिवाळ्यातली पहाट मात्र आमच्या हातात नाही. थंड हवा खाली, उबदार थर वर, आणि तापीच्या खोऱ्यात लांबचे सिग्नल आडवे वाहत येतात. त्या वेळी पश्चिमेकडून अनोळखी गुजराती बोलणं ऐकू आलं तर ते कुणाचं कारस्थान नाही, ऊन चढल्यावर जातं. ऑपरेटरांना आधी सांगून ठेवलं म्हणजे तक्रारवही भरत नाही.

२७ नोव्हेंबर

दोन प्रश्न. पहिला, सगळ्यांना एक समान वाहिनी. त्यासाठी वेगळी फ्रिक्वेन्सी मागायची तर ती देते दिल्लीतली दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा, आणि पोलिसांच्या बाजूचा समन्वय गृहमंत्रालयाच्या डीसीपीडब्ल्यूकडे. अर्ज गेला, यात्रेआधी उत्तर येणं शक्य नव्हतं. दूरसंचार नियामक ट्रायने २०१८ मध्येच सुरक्षा आणि आपत्ती यंत्रणांसाठी स्वतंत्र ब्रॉडबँड जाळ्याच्या शिफारशी केल्या आहेत. यात्रा मात्र आठवड्यावर होती.

मग देवाणघेवाण. अ, ब, क, ड प्रत्येकाने एक संच आणि एक ऑपरेटर संयुक्त कक्षात द्यायचा. निरोप माणूस माणसाला तोंडाने देणार. जुनाट वाटतं, पण यात परवाना बदलत नाही, प्रोग्रॅमिंग बदलत नाही, आणि अ ॲनालॉग असून ब चे नवीन संच डिजिटल असले तरी फरक पडत नाही. डिजिटल संच ॲनालॉगवाल्याला नुसता टर्रर्र ऐकू येतो, हे आधी न सांगितल्यामुळे एक ऑपरेटर संच बिघडला म्हणून माझ्याकडे दुरुस्तीला घेऊन आला होता.

दुसरा प्रश्न चॅनल नंबरांचा. बाहेरून बंदोबस्ताला येणाऱ्या तुकड्यांच्या संचांत त्यांच्या जिल्ह्याच्या वाहिन्या असतात, आणि त्यांच्या चार नंबरवर आमच्याकडच्या क ची वाहिनी निघाली. "चार नंबरवर या" म्हटलं की पाहुणे थेट क च्या पथकांत. नंबर बोलणं बंद. प्रत्येक वाहिनीला नाव दिलं, घाट, बाजार, पूल, आणि संचाच्या पाठीवर त्या रंगाची इन्सुलेशन टेप. टेपचे रोल हार्डवेअरच्या दुकानात पंचवीस-तीस रुपयांना.

याच दिवशी पार्किंग आणि खाजगी सुरक्षेचे संच तपासले. ऑनलाइन घेतलेले, व्हीएचएफवर, म्हणजे खात्यांच्याच पट्ट्यात, कुठेही बोलू शकणारे, परवान्याचा पत्ता नाही. घेणाऱ्याला वाटतं बाजारात मिळतो म्हणजे चालतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्येच ऑनलाइन विक्रीसाठी सूचना काढल्या आहेत. फ्रिक्वेन्सी कोणती, परवाना लागतो का, उपकरणाची मान्यता आहे का, हे विक्रेत्याने लिहायला हवं. जप्तीचा विषय खात्यांचा. आम्ही ठेकेदाराला एवढंच सांगितलं की ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी शक्तीचे, मान्यताप्राप्त संच बिनपरवाना चालतात, आणि पार्किंगला तेवढे पुरतात. कुरकुरत भाड्याने आणले.

१ डिसेंबर, रंगीत तालीम

कक्ष लावला आणि बोंब. एक ऑपरेटर बोलला की शेजारचे तिघे बहिरे. ५ वॉटचा संच एका मीटरवर धरला तर शेजाऱ्याच्या अँटेनाला कागदावर २१ डीबीएम मिळतात, म्हणजे शंभर मिलिवॉटहून जास्त. आणि तो शेजारी उणे ११९ डीबीएमचा कमजोर आवाज ऐकायचा प्रयत्न करतोय. टेबलावर चार रबरी अँटेना ओळीने उभ्या ठेवायची कल्पना कागदावर छान दिसत होती. संचांच्या अँटेना काढून बाहेर चार कोपऱ्यांत बांबूवर चुंबकी अँटेना, खाली पत्र्याचा तुकडा, संच १ वॉटवर. बहिरेपणा जवळजवळ गेला.

तरी सतत एक सूं. मंडपवाल्याचे दिवे बंद करून झाले, जनरेटर बदलून झाला, तासभर गेला. शेवटी नानांनी टेबलाखालचा बोर्ड बंद केला आणि सूं थांबली. बॅटरी चार्ज करायला आणलेले सहा खान्यांचे स्वस्त चार्जर. चार्जर मागच्या खोलीत, वायरला फेराइट (गोंगाट अडवणारं कडं).

संध्याकाळी एलईडी पडदा लावला तेव्हा क चा तळाचा गोंगाट आणखी वर. पडद्याच्या पॉवर आणि डेटा, दोन्ही केबलींवर फेराइट लावून थोडा फरक. बाकी फरक पडला तो क चा खांब रस्त्याच्या पलीकडे नेल्याने. पडदेवाला बापू म्हणाला, "माझ्या पडद्यातून आवाज कसा येईल साहेब, तो तर मुका आहे." त्याला संच हातात देऊन पडद्याच्या मागे नेलं. मग स्वतःच केबली गुंडाळायला लागला.

४ डिसेंबर, दत्तजयंती

सकाळी सातला पश्चिमेकडचे ते लांबचे सिग्नल आले, नऊला गेले. कुणी तक्रार केली नाही.

दुपारी अ चा रिपीटर दर मिनिटाला आपोआप बंद पडायला लागला. टाइम-आउट टायमर आम्हीच लावलेला, आणि एक हवालदार सलग मिनिटभर बोलत होते. बोलणं थोडक्यात ठेवा, असं त्यांना सांगायला त्यांचेच साहेब लागले.

संध्याकाळी घाटावरून एक जण पाण्यात घसरल्याचा निरोप. घाट वाहिनीवरून कक्षात, तिथून शेजारच्या खुर्चीवरून ड च्या बोटीला. बोट निघाली, माणूस काठच्या पोरांनी आधीच ओढून काढला होता. निरोपाची साखळी मात्र न अडखळता चालली, आणि त्या वेळी एलईडी पडदा, आकाशपाळणे, तिन्ही बेस, सगळं चालू होतं.

७ डिसेंबर

बाहेरून नवी तुकडी आली, टेप नाही. पुन्हा क च्या वाहिनीवर. टेपचा रोल आणि नावांचा कागद आता बंदोबस्ताच्या हजेरीच्या टेबलावरच ठेवला, म्हणजे हजेरी लावतानाच संच रंगतो.

१५ डिसेंबर

खर्चाचा जमाखर्च: केबल, कनेक्टर, बोल्ट, तांब्याची पट्टी, फेराइट, चुंबकी अँटेना, टेप, बांबू मिळून अठरा हजारांच्या आत. आमचा वेळ आणि पेट्रोल धरलेलं नाही. सर्व्हिस मॉनिटर उसना.

राहिलेलं: ब ला आयसोलेटर बसवायचाच आहे, खालच्या अँटेनावर काम भागतंय पण अ ने कधी पॉवर वाढवली तर भूत परत येईल. क चे २५ किलोहर्ट्झचे तीन संच अजून कुणाच्या तरी घरी आहेत. समान वाहिनीच्या अर्जावर एक शंका विचारून पत्र आलंय, अँटेनाची अक्षांश-रेखांशासह उंची कळवा म्हणून. क चा खांब आता जागेवरून हललेला, त्यामुळे नवे आकडे घ्यायला परत जावं लागेल. हतनूर धरणाचे दरवाजे उघडण्याचा मोसम यायच्या आत पुलाच्या दोन्ही टोकांना पुन्हा मोजायचं आहे, कारण पुरात संयुक्त कक्ष मैदानात नसेल, आणि खांबही नसेल.